एका नांवाचीं दोन झुडपें

जालन्याची औद्योगिक वसाहत आज पोलाद आणि बियाणें यांसाठीं प्रसिद्ध आहे. परंतु या मुलुखाचा परदेशाशीं व्यापार फार जुना. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथांत शेजारच्या पैठणचा उल्लेख येतो. तेथील माल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरास नेत. त्याच बंदरांतून उत्तरेकडील एक औषधही परदेशीं जाई. ग्रीक त्यास ‘लिकिऑन’ म्हणत, आणि डोळ्यांच्या विकारांवर वापरीत. वैद्य डायोस्कोरिडीस यानें हिंदुस्थानांतील लिकिऑन श्रेष्ठ मानलें होतें.

पुढें १७५३ सालीं लिनियसनें ‘लिसियम’ हें नांव एका निराळ्याच कांटेरी झुडपास दिलें. त्याचीं लाल फळें म्हणजेच बाजारांतील ‘गोजी’. चिनी वैद्यकांतही तीं दृष्टीसाठीं देतात. त्यामुळें घोटाळा अधिकच वाढला.

हा गुंता सोडविला तो सहारनपूरच्या वनस्पति-उद्यानाचे एके काळचे अधीक्षक जॉन फोर्ब्स रॉयल यांनीं, १८३० नंतर थोड्याच वर्षांत. ग्रीकांचें हिंदी लिकिऑन म्हणजे हिमालयांतील दारुहळदीचा काढा आटवून केलेलें आपलें रसांजन, असें त्यांनीं दाखविलें. आयुर्वेदही तें नेत्ररोगांवर सांगतो.

गोजी ही वांगें, मिरची व अश्वगंधा यांच्या कुळांतली. दारुहळदीचें कूळच वेगळें. तेव्हां एकीचे गुण दुसरीस लावणें चूक होय. रक्त गोठूं नये म्हणून वॉरफरिन घेणाऱ्यांस तर गोजीनें रक्तस्रावाचा धोका संभवतो. नांव जुनें असलें, तरी वस्तु ओळखल्यावांचून औषध घेऊं नये.