उघडा पिंजरा, फिरती नळी : पोपटाच्या कैदेचा आणि मुक्ततेचा इतिहास

१/ गुहागर तालुक्यातील हेदवी हे गाव दशभुज गणेशाच्या देवळासाठी आणि समुद्राकाठच्या बामणघळीसाठी प्रसिद्ध आहे. कोकणातील अशा एखाद्या गावात पडवीतल्या पिंजऱ्याचे दार चुकून उघडे राहते, राघू समोरच्या माडावर जाऊन बसतो आणि घरातली लहानथोर माणसे अंगणात उभी राहून ‘विठू, विठू’ अशा हाका मारू लागतात. प्रसंग घरगुती खरा. पण त्यामागे सुमारे चोवीस शतकांचा इतिहास उभा आहे.

२/ इराणच्या हखामनी दरबारात क्टेसियस नावाचा ग्रीक राजवैद्य होता. इ.स.पू. ४०० च्या सुमारास त्याने भारताविषयी ग्रंथ लिहिला. त्यात माणसासारख्या बोलणाऱ्या एका पक्ष्याचे वर्णन येते. हा पक्षी भारतीय भाषा बोलतो आणि शिकवल्यास ग्रीकही बोलतो, असे तो सांगतो. भारतीय पोपटाची पाश्चात्त्य वाङ्मयातील ही फार जुनी नोंद होय. पुढे आपल्याकडच्या मोठ्या पहाडी पोपटाला युरोपीय भाषांत अलेक्झांडरचेच नाव मिळाले.

३/ भारतात मात्र पोपट केवळ करमणुकीसाठी पाळला जात नव्हता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजवाड्याच्या सुरक्षेची चर्चा करताना शुक, सारिका आणि भृंगराज या पक्ष्यांचा उल्लेख आहे. सर्पाची वा विषाची शंका येताच हे पक्षी ओरडतात, अशी तेव्हाची समजूत होती. म्हणजे पिंजऱ्यातला राघू हा एक प्रकारे राजाचा पहारेकरीच होता. त्याच ग्रंथात, ज्यांना इजा होऊ देऊ नये अशा पक्ष्यांच्या यादीतही शुक आणि मदनसारिका आहेत.

४/ याहून स्पष्ट पुरावा अशोकाचा आहे. राज्याभिषेकाला सव्वीस वर्षे झाल्यावर, म्हणजे इ.स.पू. २४३ च्या सुमारास, कोरलेल्या पाचव्या स्तंभलेखात अवध्य प्राण्यांची यादी येते. यादीतले पहिले नाव आहे ‘सुके’, म्हणजे पोपट. दुसरे ‘सालिका’, म्हणजे मैना. याच लेखाच्या अखेरीस, या काळात पंचवीस वेळा बंदिवान मुक्त केल्याचे राजा नमूद करतो. पक्ष्यांना अभय आणि माणसांना मुक्तता, दोन्ही एकाच शिळेवर.

५/ अभय असले तरी पोपट पकडले जातच होते. कसे? याचे उत्तर मराठीतल्या एका थोर ग्रंथात दडलेले आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० मध्ये, सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात शुकनलिकेचा दृष्टान्त आहे. पारध्याची युक्ती साधी होती. आडव्या दोरीत वा काठीत एक पोकळ नळी ओवायची आणि ती सहज फिरेल अशी ठेवायची.

६/ पोपट नळीवर बसला की त्याच्याच भाराने नळी फिरते आणि तो उलटा लटकतो. पडू या भीतीने तो नळी अधिकच घट्ट धरतो. वास्तविक पाय मोकळे आहेत, पंख शाबूत आहेत. नळी सोडली की सुटका आहे. पण आपल्याला कोणीतरी बांधले आहे असे त्याला वाटते. जीवही असाच स्वतःच्या संकल्पाने अडकतो, हे ज्ञानेश्वरांना सांगायचे आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र त्यातून आणखी एक गोष्ट कळते : तेराव्या शतकातील श्रोत्याला पोपट पकडण्याची ही रीत समजावून सांगावी लागत नव्हती.

७/ पकडलेला पोपट घरात आला आणि वाङ्मयातही शिरला. अमरुशतकात रात्रीचे पतिपत्नीचे बोलणे तो सकाळी वडीलधाऱ्यांसमोर म्हणू लागतो. तेव्हा लाजलेली वधू कानातले माणिक डाळिंबाचा दाणा म्हणून त्याच्या चोचीत कोंबते. शुकसप्ततीत तो सत्तर गोष्टी सांगतो. या ग्रंथाचे जुने मराठी रूपांतरही उपलब्ध आहे. ‘पोपटपंची’ हा शब्द आणि ‘पढवलेला पोपट’ हा वाक्प्रचार याच सहवासातून आले.

८/ निसटलेला पक्षी परत आणण्याची खरी विद्या ससाणेबाजांची. कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराने इ.स. ११३० च्या सुमारास रचलेल्या मानसोल्लासात ‘श्येनविनोद’ हे स्वतंत्र प्रकरण आहे. जगभरचे ससाणेबाज पक्ष्याच्या पायात घुंगरू बांधत, म्हणजे झाडीत हरवला तरी आवाजावरून माग लागे. आणि आमिष दाखवून त्याला हातावर बोलावत. पोपटाच्या बाबतीत माणसाने सोपा, पण क्रूर मार्ग धरला : पंख कापले.

९/ इंग्रजी अमदानीत प्रश्नाचे रूप बदलले. युरोपातील टोप्यांच्या शोभेसाठी पिसांचा व्यापार वाढला. १८८७ चा वन्य पक्षी संरक्षण कायदा विणीच्या हंगामापुरता आणि नगरपालिका व छावण्यांच्या हद्दीपुरताच मर्यादित होता. १९०२ मध्ये पिसे व पक्ष्यांची कातडी यांच्या निर्यातीवर बंदी आली आणि १९१२ मध्ये अधिक व्यापक कायदा झाला.

१०/ स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने पुढचे पाऊल टाकले. मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटीचे हुमायून अब्दुलअली यांनी ज्यासाठी मोठे परिश्रम घेतले, तो वन्य प्राणी व पक्षी संरक्षण कायदा १९५१ मध्ये झाला. १९७२ मध्ये देशव्यापी वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९९०–९१ मध्ये देशी पक्ष्यांच्या व्यापारावर पूर्ण बंदी घातली गेली. तेव्हापासून आपला राघू विकणे, विकत घेणे वा पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे.

११/ व्यापाराची एक साक्ष मात्र परदेशात आजही उडते आहे. १९६९ पासून इंग्लंडमध्ये कंठवाल्या पोपटांची सलग वीण होऊ लागली. हे पिंजऱ्यांतून निसटलेल्या आणि सोडून दिलेल्या पक्ष्यांचे वंशज. आज लंडनच्या बागांत त्यांचे मोठे थवे दिसतात. युरोपातील या पोपटांचे मूळ बहुतांशी पाकिस्तान आणि उत्तर भारतात असल्याचे आनुवंशिक अभ्यासांतून दिसून आले आहे.

१२/ मग माडावरच्या त्या राघूचे काय? तो देशी असेल तर त्याला पुन्हा कोंडणे कायद्यात बसत नाही. पण अंड्यातून बाहेर पडल्यापासून माणसाच्या हातून भरवलेल्या पक्ष्याला अन्न शोधणे, शिक्रा ओळखणे, थव्यात राहणे यांतले काहीच येत नाही. त्याची मुक्तता अनेकदा मृत्यूच ठरते. म्हणून त्याला सुखरूप उतरवून वनविभागाकडे सोपवणे हाच योग्य मार्ग. महाराष्ट्र वनविभागाचा मदत क्रमांक १९२६ आहे.

१३/ कॉकॅटिएल, लव्हबर्ड यांसारखा परदेशी पक्षी निसटला तर तो परत आणलाच पाहिजे. पाठलाग करू नये. घाबरलेला पक्षी आणखी उंच व दूर जातो. ओळखीचा पिंजरा उघड्यावर, दिसेल असा ठेवावा, त्यात आवडते खाद्य असावे आणि नेहमीच्या माणसाने नेहमीच्याच शब्दांत हाक मारावी. पहाट आणि संध्याकाळ या उत्तम वेळा. घरटी जाळ्या, दुहेरी दार आणि बंद पंखे असले, तर ही वेळच सहसा येत नाही.

१४/ पोपट घरटे विणत नाही. जुन्या झाडांच्या ढोलीत अंडी घालतो. म्हणून कोकणातल्या देवराया आणि घरामागचे जुनाट आंबे ही त्याची खरी घरे. ढोलीतून पिल्लू काढले की एक पिंजरा भरतो. झाड तोडले की अनेक पिढ्यांचे घर जाते.

१५/ सातशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या दृष्टान्तात पोपटाने नळी धरून ठेवली होती. आज नळी माणसाच्या हातात आहे. पोपट आवडतो म्हणून तो आपल्याच पडवीत हवा, हा हट्ट सोडायला फक्त मूठ उघडावी लागते.