गांजा-भांग नियमन (धाराशिव जिल्हा)

अ‍ॅमस्टरडॅमसारखी सरकारी डोळेझाकीवर चालणारी गांजाची कॅफे या जिल्ह्याला ठाऊक नाहीत. १९४८ पर्यंत जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. शेजारच्या मुंबई इलाख्यात गांजा परवान्याच्या दुकानांत उघड विकला जाई. १८९३-९४ च्या भारतीय हेम्प ड्रग्ज आयोगानेही सरसकट बंदी नाकारली. आज १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा लागू आहे. त्याची व्याख्या मोठी चमत्कारिक : झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा, पण शेंड्यांविना नुसती पाने त्यात येत नाहीत. म्हणून भांग त्या कायद्यातून सुटते आणि राज्याच्या दारूबंदी कायद्यात अडकते. १९८५ च्या कायद्यात एक किलोपर्यंतचा गांजा ‘अल्प’, वीस किलोंपुढचा ‘व्यापारी’ ठरतो. बेकायदा लागवडीस दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे.