डॉक्टर बायकांचं दुखणं कुठे शिकतात?

बचत गटाच्या बैठकीत हप्त्याचं आपण मोकळेपणानं बोलतो. पण अंग बाहेर येतं, पांढरं जातं, पाळीत फार रक्त जातं, हे मात्र पदराआड ठेवतो. आज तेच बोलू.

आनंदीबाई जोशींचं बाळ दहा दिवसांचं होऊन गेलं. बायका पुरुष डॉक्टरला दुखणं सांगत नाहीत, म्हणून बाई डॉक्टर हवी, असं त्यांचं म्हणणं. 1886 साली त्या अमेरिकेत डॉक्टर झाल्या. त्याच वर्षी मुंबईत बायकांसाठी कामा हॉस्पिटल सुरू झालं. आनंदीबाई मात्र पुढच्याच वर्षी गेल्या.

पुढे गोव्यात जन्मलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागले. पिशवीचं तोंड सैल पडून गर्भ पडत असेल, तर तिथे टाका घालायची रीत त्यांनी 1955 साली मांडली. ती आज जगभर चालते. अंग बाहेर येत असेल तर पिशवी न काढता वर बांधून ठेवायची शस्त्रक्रियाही त्यांच्या नावाची आहे. तशीच एक डॉ. पुरंदरे यांच्या नावाचीही आहे. म्हणजे पिशवी वाचवायची विद्या आपल्याच माणसांनी जगाला दिली.

पण ती खेड्यात पोचली का? शेजारच्या गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी दोन गावांतल्या 650 बायका तपासल्या. 1989 साली निष्कर्ष छापून आला: शंभरातल्या 92 जणींना अंगावरचं काही ना काही दुखणं होतं, आणि आधी तपासणी झाली होती फक्त आठ जणींची. उलट 2019 साली बीडच्या ऊसतोड बायकांची बातमी आली. कितीतरी जणींची पिशवी तरुण वयातच काढलेली होती. एकीकडे तपासणीच नाही, दुसरीकडे थेट ऑपरेशन.

आजवर आपण मोठ्या ऑपरेशनला नागपूरच्या मेडिकलला जात आलो. 2024 साली भंडाऱ्यातच सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं. तिथली पोरं-पोरी वरच्या वर्गात गेली की वॉर्डात येतील. ऑपरेशन ती करत नाहीत. दुखणं विचारणं, तपासणं, ऑपरेशन जवळून पाहणं, नंतरची काळजी घेणं, हे शिकतात. पुस्तकात नसलेलं त्यांना आपल्याकडूनच कळतं. रोवणीत दिवसभर वाकल्यावर काय होतं, हे सांगा. कुणी तपासायला आलं तर आधी नाव विचारा, सोबत बाई असू द्या म्हणा. नको असेल तर नाही म्हणा. त्यामुळे उपचार थांबत नाही.

आणि कुणी पिशवी काढा म्हणालं, तर तीन प्रश्न विचारा. दुखणं नेमकं काय? कॅन्सरचा धोका आहे का? गोळ्यांनी किंवा पिशवी ठेवून भागेल का? उत्तर पटलं नाही, तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. कधीकधी ऑपरेशन खरंच लागतं. तेव्हा अंगावर काढू नका.

पुढच्या बैठकीत हिशेबाची वही मिटली की हा विषय काढा. एक बोलली की दुसरी बोलते.