उरलेली पुतळी

आजीची पुतळ्यांची माळ आत्याच्या लग्नात आटवली आणि तिच्या पाटल्या केल्या. एकच पुतळी तेवढी वाचली, कारण दोरा तुटून ती आधीच डब्याच्या तळाशी गेली होती. परवा आईने ती दाखवली आणि मला एका अमेरिकन नाण्याची गोष्ट आठवली.

नाणं १८२२ सालचं, पाच डॉलरचं, फिलाडेल्फियाच्या टांकसाळीतलं. वजन जेमतेम पावणेनऊ ग्रॅम, सोनं आपल्या ओळखीचं, २२ कॅरटचं. त्या वर्षी अशी १७,७९६ नाणी पाडल्याची नोंद आहे. आज ठाऊक आहेत फक्त तीन!

बाकीची गेली कुठे? मुशीत. अमेरिकेच्या कायद्याने सोन्याची किंमत चांदीच्या पंधरापट ठरवली होती, युरोपात त्याहून जास्त मिळायची. मग ते नाणं पाच डॉलरला खर्च करायचं कशाला? व्यापाऱ्यांनी ती बाहेर नेली, आटवली. १८३४ मध्ये सरकारने नव्या नाण्यांतलं सोनं कमी केलं, तेव्हा उरलीसुरलीही आटली.

तिघांपैकी एक टांकसाळीच्या स्वतःच्या संग्रहात राहिलं. दुसरं औषध उद्योजक जोसाया लिली यांच्याकडे होतं. त्यांचा संग्रह १९६८ मध्ये स्मिथसोनियनकडे गेला. टांकसाळीचं नाणंही आता तिथेच आहे. म्हणजे विकत मिळेल असं एकच. ते शिकागोच्या व्हर्जिल ब्रँड यांच्याकडे होतं. त्यांचा धंदा बिअरचा, नाद नाण्यांचा. १९४५ मध्ये ते बाल्टिमोरचे बँकर लुई एलियासबर्ग यांच्याकडे आलं. १९८२ मध्ये ते ६,८७,५०० डॉलरना विकलं गेलं, आणि मार्च २०२१ मध्ये ८४ लाख डॉलरना.

गंमत बघा, आटलेल्या आणि उरलेल्या नाण्यांत सोन्याचा फरक काहीच नव्हता. या तिघांच्या बाबतीत कोणीतरी हिशोब केला नाही, एवढंच.

आजीने माळ जपायला हवी होती, असं मी इतकी वर्षं म्हणत आलो. आईने परवा सांगितलं, त्या पाटल्या पुढे मोडून आत्याने आतेभावाच्या इंजिनिअरिंगची फी भरली. मला हे माहीतच नव्हतं. आटलेली ती हजारो नाणीही अशीच कुणाच्या तरी गरजेला उपयोगी पडली असतील. त्यांची नोंद मात्र कुठल्या लिलावाच्या यादीत नाही.

असो. उरलेली पुतळी आटवायची नाही, असं आईला बजावलं. ती म्हणाली, "वेळ आली तर बघू."