न विचारता घेतलेला 'हो'

आजच्या विषयाची पाटी वाचून दोघा-तिघांनी दारातच आम्हाला विचारलं, "सर, तत्त्वज्ञान सोडून हे कॉम्प्युटरचं काय काढलंत?" याचं उत्तर आमच्या एका फजितीत आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

निवृत्तीनंतर आम्ही जुन्या व्याख्यानांची टाचणं नीट लावायला घेतली. ती सगळी जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली. नव्या संगणकावर उघडली की देवनागरीच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसायची. हा मजकूर युनिकोडमध्ये आणून देणारा एक छोटासा मोफत प्रोग्राम आहे असं कळलं. शोधला, मिळाला, उतरवून घेतला. नेक्स्ट, नेक्स्ट, आय अ‍ॅग्री, फिनिश. टाचणं खरोखरच वाचता यायला लागली, आम्ही खूश. दुसऱ्या दिवशी पाहतो तर ब्राउझरच्या माथ्यावर एक अनोळखी टूलबार बसलेला. उघडल्याबरोबर दिसणारं पान बदललेलं. आणि कोपऱ्यातून एक खिडकी सारखी वर येऊन सांगतेय की तुमच्या संगणकात शेकडो बिघाड आहेत, पैसे भरा म्हणजे दुरुस्त होतील. टूलबार काढावा तर संगणक पुन्हा सुरू केल्यावर तो परत हजर. पाहुण्याला ओसरी दिली आणि त्यानं माजघर गाठलं, अशी गत.

शेवटी आमच्या सोसायटीतल्या एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला बोलावलं. त्यानं दोन तास खटपट करून सगळं साफ केलं आणि चहा पिता पिता सहज म्हणाला, "सर, हा व्हायरस नव्हता. तुम्हीच त्याला हो म्हटलं होतं."

ते वाक्य आम्हाला लागलं. संमती म्हणजे काय, हे आम्ही तीसेक वर्षं वर्गात शिकवलं होतं. आणि आपण कधी, कशाला 'हो' म्हटलं, हे आम्हालाच सांगता येत नव्हतं.

न बोलता दिलेल्या संमतीचा प्रश्न संगणकाहून बराच जुना आहे. मौन म्हणजे संमती, असं आपल्याकडे म्हणतातच. सतराव्या शतकाच्या अखेरीस जॉन लॉकनं शासनसंस्थेवरच्या आपल्या ग्रंथात असं मांडलं, की एखाद्या राज्याच्या रस्त्यावरून जो नुसता प्रवास करतो, त्यानंही त्या राज्याचे कायदे मूकपणे मान्य केलेले असतात. याला डेव्हिड ह्यूमनं १७४८ साली उत्तर दिलं. समजा एका माणसाला झोपेत उचलून जहाजावर नेलं. जाग आली तेव्हा चहूकडे समुद्र. तो उडी मारत नाही, म्हणून त्यानं कप्तानाची सत्ता राजीखुशीनं मान्य केली, असं म्हणायचं का? हे जहाज लक्षात असू द्या. आपल्याला ते पुन्हा लागणार आहे.

आता मोफत प्रोग्रामांच्या इतिहासाकडे वळू. १९७६ साली वीस वर्षांच्या बिल गेट्सनी संगणकाच्या हौशी मंडळींना एक जाहीर पत्र लिहिलं. तक्रार अशी, की आमचा बेसिक हा प्रोग्राम तुम्ही पैसे न देता एकमेकांना देत सुटला आहात. मग असं काम फुकट करणार कोण? प्रश्न खोटा नव्हता. पण त्याला एक वेगळंच उत्तर १९८२ साली अमेरिकेत मिळालं. अँड्र्यू फ्लूगेलमन या संपादकानं पीसी-टॉक नावाचा प्रोग्राम लिहिला आणि सांगितलं: घ्या, वापरा, मित्रांना नक्कल करून द्या, उपयोगी वाटला तर २५ डॉलर पाठवा. त्याच सुमारास आयबीएममध्ये नोकरी करणाऱ्या जिम नॉफनं पीसी-फाइल हा प्रोग्राम याच रीतीनं वाटायला सुरुवात केली. फ्लूगेलमननं 'फ्रीवेअर' हे नाव व्यापारचिन्ह म्हणून घेतलं होतं, त्यामुळे इतरांना दुसरं नाव हवं होतं. बॉब वॉलेस यानं १९८३ मध्ये आपल्या पीसी-राइटसाठी 'शेअरवेअर' हा शब्द वापरला आणि तोच रूढ झाला.

यातली एक गोष्ट नीट पाहा. ही माणसं पैसे मागत होती, पण तोंडावर मागत होती. माधुकरी मागणारा दाराशी उभा राहून हाक देतो. घरातल्यानं 'पुढे जा' म्हटलं तर पुढे जातो. त्या मागण्यात 'नाही' म्हणायची मोकळीक होती, म्हणूनच आलेल्या 'हो'ला किंमत होती.

१९८३ मध्येच रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली आणि तिथून 'मुक्त' सॉफ्टवेअरची चळवळ उभी राहिली. इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दाचे दोन अर्थ होतात, त्यामुळे त्यांना जन्मभर खुलासा करावा लागला. आपली मराठी इथे श्रीमंत आहे: 'मुक्त' वेगळा, 'मोफत' वेगळा आणि 'फुकट' तर आणखीच वेगळा. आपण आज बोलतोय ते मोफताबद्दल. मोफताचं बिल कुणाच्या नावावर फाटतं, हा आपला प्रश्न.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस इंटरनेट घरोघर पोहोचलं. प्रोग्राम जगभर पाठवायला काही लागेना, पण पैसे पाठवणारे थोडेच राहिले. २००० नंतर संकेतस्थळांवरच्या जाहिरातींचे दरही कोसळले. या पोकळीत एक नवा धंदा शिरला. प्रोग्रामच्या कर्त्याला सांगायचं: तुझ्या इन्स्टॉलरमध्ये आमची एक वस्तू ठेव, ती जितक्या संगणकांवर बसेल, तितके पैसे तुला. त्या वस्तूला पैसे कसे सुटत? टूलबार तुमचं शोधयंत्र बदलतो. तुम्ही काही शोधलं आणि जाहिरातीवर बोट ठेवलं की त्यातला वाटा त्याच्या मालकाला जातो. काही वस्तू तुमच्या वावरावर पाळत ठेवून जाहिराती दाखवत.

गाणी देवाणघेवाण करण्याचा कझा हा प्रोग्राम याचं ठळक उदाहरण. त्याच्यासोबत जाहिरातवाले उपप्रोग्राम येत. २००२ मध्ये उघड झालं, की त्याच्यासोबत आणखी एका कंपनीचं सॉफ्टवेअर लाखो संगणकांवर जाऊन निजलेलं आहे. पुढे ते जागं करून त्या संगणकांचं एक जाळं चालवायचा बेत होता. आणि याला परवानगी? ती होती ना, अटींच्या लांबलचक मजकुरात! ह्यूमच्या दाखल्यात निदान प्रवासी झोपला होता. इथे प्रवासी जागा, आणि झोपलेला प्रोग्राम त्याच्या घरात.

आपल्याकडे खताच्या दुकानात याला 'लिंकिंग' म्हणतात. युरियाची गोणी हवी, तर सोबत हेही घ्या. पण तिथे शेतकऱ्याला आपल्या गळ्यात काय मारलं जातंय हे दिसतं तरी, तो दुकानदाराशी भांडू तरी शकतो. इन्स्टॉलरच्या खिडकीत भांडायला समोर कुणी नसतं.

मग या वस्तूंना नाव काय द्यायचं, यावरच लढाई झाली. विषाणूविरोधी कंपन्या त्यांना 'स्पायवेअर' म्हणू लागल्या, तेव्हा जाहिरातवाल्या कंपन्या बदनामीचा दावा करू लागल्या: आम्ही हेर कसले, वापरणाऱ्यानं स्वतः परवानगी दिली आहे! अशा वातावरणात एक सावध नाव पुढे आलं, 'पोटेन्शियली अनवॉन्टेड प्रोग्राम', म्हणजे बहुधा नकोसा प्रोग्राम. आद्याक्षरं जोडली की होतं 'पप', इंग्रजीत कुत्र्याचं गोजिरवाणं पिल्लू. भाषेनं केलेली माघार याहून चांगली कुठे दिसणार? तरी २००६ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगानं झँगो या कंपनीकडून ३० लाख डॉलर वसूल केले आणि स्पष्ट संमतीशिवाय काही बसवायचं नाही अशी अट घातली. पुढे झँगोनं कॅस्परस्कीवर, आमचे प्रोग्राम अडवता म्हणून, दावा लावला. २००९ मध्ये अपील न्यायालयानं तो फेटाळला.

पण खरी शोकांतिका यानंतरची. आडगल्लीतली ही रीत हमरस्त्यावर आली. जावाचा नवा भाग घेताना आस्कचा टूलबार सोबत येई. फ्लॅश प्लेअर घेताना एक सुरक्षा-तपासनीस. चौकोनात खूण आधीच केलेली. काढली नाही तर तुमची संमती! यातला तोटा टूलबारपुरता नव्हता. सुरक्षेसाठीची दुरुस्तीही अशी वेषांतर करून येऊ लागली, की माणसं दुरुस्ती घ्यायलाच घाबरतात. दार ठोठावणाऱ्या डॉक्टरावरचाही विश्वास उडतो.

मग गोदामं बिघडली. २०११ च्या डिसेंबरमध्ये सीनेटच्या डाउनलोड डॉट कॉमवर एनमॅप हा नामांकित प्रोग्राम परस्पर दुसऱ्या इन्स्टॉलरच्या वेष्टनात घातलेला आढळला. त्याचे कर्ते गॉर्डन लायन यांनी जाहीर बोभाटा केला, कारण शिव्या त्यांना बसणार होत्या. सोर्सफोर्ज हे तर मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचं माहेरघर, १९९९ पासूनचं. तिथे २०१३ मध्ये अशीच जोडवस्तूंची योजना आली, कर्त्याच्या राजीखुशीनं आणि कमाईत वाटा देऊन. जिंप या चित्रप्रणालीच्या मंडळींनी त्याच वर्षी आपलं विंडोजचं बिऱ्हाड तिथून हलवलं. २०१५ मध्ये त्यांना आढळलं, की आपण सोडलेल्या घरात आपल्याच नावाची पाटी लावून जोडवस्तू वाटल्या जाताहेत. मोठा गदारोळ झाला. २०१६ च्या आरंभी सोर्सफोर्जचे मालक बदलले आणि नव्या मालकांनी ती योजना बंद केली. त्याच वर्षी गूगल आणि न्यूयॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी या धंद्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. एक वस्तू एका संगणकावर बसवण्याचा दर १० सेंटपासून दीड डॉलरपर्यंत. आणि अशा डाउनलोडचे प्रयत्न आठवड्याला ६ कोटींहून अधिक.

एवढ्या लोकांनी 'हो' का म्हटलं? ते काय अडाणी होते? नाही. २००३ मध्ये जॉन्सन आणि गोल्डस्टीन या दोन अभ्यासकांनी अवयवदानाची आकडेवारी मांडली. जर्मनीत, जिथे 'हो' स्वतः सांगावं लागे, तिथे संमती १२ टक्के. शेजारच्या ऑस्ट्रियात, जिथे 'नाही' न सांगणाऱ्याचं 'हो' धरलं जाई, तिथे ९९ टक्क्यांहून जास्त. दोन देशांतल्या माणसांच्या काळजात इतका फरक असतो का? फरक होता तो, न बोलण्याचा अर्थ काय लावायचा यात. अवयवदानासारख्या कामात तरी त्यावर समाज उघड चर्चा करतो, कायदा करतो. इन्स्टॉलरमध्ये तो अर्थ विकणाऱ्यानं एकट्यानं ठरवला. आमचा 'हो' कुणी चोरला नव्हता. तो आमच्या आधीच लिहून ठेवलेला होता.

कायदा हळूहळू जागा झाला. १ ऑक्टोबर २०१९ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयानं एका जर्मन बक्षीस-योजनेच्या खटल्यात सांगितलं, की आधीच खूण केलेला चौकोन म्हणजे संमती नव्हे. आपल्या २०२३ च्या व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्यातही संमती मोकळी, माहितीपूर्ण आणि स्वतःच्या स्पष्ट कृतीनं दिलेली हवी असं म्हटलं आहे. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं फसव्या मांडणीचे १३ प्रकार नोंदवून त्यांना मनाई केली. न विचारता टोपलीत वस्तू सरकवणं हा त्यातलाच एक. ह्यूमला न्याय मिळायला अडीचशेहून अधिक वर्षं लागली म्हणायची.

तोवर आपण काय करावं? प्रोग्राम कर्त्याच्या स्वतःच्या पानावरूनच उतरवावा. इन्स्टॉल करताना 'कस्टम' निवडावं आणि प्रत्येक चौकोन वाचावा. एवढं पुष्कळ झालं. पण एक गोष्ट सांगायची राहिली आहे.

त्या फजितीनंतर रागाच्या भरात आम्ही त्या फॉन्टवाल्या प्रोग्रामच्या कर्त्याला खरमरीत पत्र लिहिलं होतं. 'भाषेची सेवा म्हणता आणि असले धंदे करता' वगैरे. चार दिवसांनी उत्तर आलं. गृहस्थ मराठीच, नोकरी सांभाळून रात्री हे काम करणारे. त्यांनी नम्रपणे लिहिलं होतं, की त्यांच्या पानावरची फाइल स्वच्छ आहे. आम्ही जिथून घेतली त्या साइटनं ती न विचारता आपल्या वेष्टनात घातली आहे, आणि त्यातला छदामही त्यांना मिळत नाही. अशी पत्रं त्यांना अधूनमधून येतात. म्हणजे वापरणाऱ्याचा 'हो' आणि करणाऱ्याचं नाव, दोन्ही परस्पर विकलं गेलं होतं, आणि आम्ही भांडत होतो ते नेमके चुकीच्या माणसाशी.

आम्ही माफी मागितली आणि विचारलं, तुम्हाला काही पैसे पाठवायची सोय आहे का? ते म्हणाले, नाही. मागायला संकोच वाटतो. तेव्हा आम्ही त्यांना फ्लूगेलमन आणि त्याच्या २५ डॉलरांची गोष्ट सविस्तर लिहून पाठवली. काही महिन्यांनी त्यांच्या पानावर तळाशी दोन ओळी आल्या: प्रोग्राम मोफत आहे, उपयोगी वाटला तर इच्छेप्रमाणे मदत करा. शेजारी एक चौकोन होता. तो रिकामा होता. खूण आम्ही केली.

आता तुमचे प्रश्न घेऊ.