प्लास्टिकचे डबे काढून काचेचे घ्यावेत का?

श्रीखंड संपले की डबा धुऊन फडताळात जातो आणि पुढची काही वर्षे त्यात उरलेली आमटी, भिजवलेली कडधान्ये, खोवलेला नारळ असे काहीही ठेवले जाते. बहुतेक मराठी घरांत असे पाच-दहा डबे सापडतातच. मग घरात बाळ येणार असते किंवा कुणाला थायरॉईडचा त्रास निघतो, आणि प्रश्न येतो : "डॉक्टर, सगळे प्लास्टिक टाकून काच आणू का?"

सगळे टाकण्याची गरज नाही. गरम, तेलकट आणि आंबट पदार्थ मात्र आजच प्लास्टिकमधून काढा. डाळी, साखर, पोहे असे कोरडे सामान चांगल्या डब्यात असेल तर राहू द्या. आणि घरात मधुमेही किंवा हात थरथरणारे वयस्कर माणूस असेल, तर काच विकत घेण्याआधी या लेखाचा शेवटचा भाग जरूर वाचा.

प्लास्टिकमधून अन्नात काय उतरते?

सर्वांत जास्त चर्चा होते ती बीपीए या रसायनाची. कडक, पारदर्शक पॉलिकार्बोनेटच्या भांड्यांत आणि पत्र्याच्या डबाबंद पदार्थांच्या आतल्या लेपात ते असू शकते. मऊ पीव्हीसी प्लास्टिकमध्ये थॅलेट नावाची रसायने असतात. ही द्रव्ये शरीरातील संप्रेरकांच्या, म्हणजे हार्मोन्सच्या कामात ढवळाढवळ करू शकतात. गर्भातील बाळ आणि तान्ही मुले यांची इंद्रिये घडत असल्यामुळे त्यांच्याबाबतीत जास्त काळजी घ्यावी लागते.

धोका नेमका किती, यावर तज्ज्ञांचे एकमत नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये बीपीएची रोजची सुरक्षित मर्यादा आपल्याच २०१५ च्या मर्यादेपेक्षा २०,००० पटींनी खाली आणली. अमेरिकेतील एफडीए मात्र अन्नातील सध्याचे प्रमाण सुरक्षित मानते. त्यामुळे "तुमचा आजार डब्यांमुळेच झाला" असे कोणताही डॉक्टर खात्रीने सांगू शकत नाही. पण संपर्क कमी करायला फारसा खर्च येत नाही, म्हणून तो करावा, असे माझे मत आहे. डब्यावर 'बीपीए फ्री' लिहिले आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. काही वेळा त्याऐवजी त्याचेच भावंड, बीपीएस, वापरलेले असते.

खरा मुद्दा उष्णतेचा

एकाच डब्यातून थंड दह्यात जेवढे उतरेल त्यापेक्षा उकळत्या रश्श्यात कितीतरी जास्त उतरते. तेल, आंबटपणा, पदार्थ किती वेळ ठेवला आणि डब्यावरचे ओरखडे यांनी त्यात भर पडते. श्रीखंडाचा किंवा आइस्क्रीमचा डबा थंड पदार्थासाठीच बनवलेला असतो, त्यात गरम भाजी ओतण्यासाठी नाही.

बाळाच्या बाटलीवर आयर्लंडमधील संशोधकांनी २०२० मध्ये केलेला अभ्यास याबाबत बोलका आहे. पॉलिप्रॉपिलीनच्या बाटलीत गरम पाण्याने दुधाची पावडर कालवल्यावर एका लिटरमागे १.६ कोटींपर्यंत सूक्ष्म प्लास्टिक कण आढळले. पाणी जितके गरम, तितके कण जास्त. या कणांचा बाळाच्या तब्येतीवर काय परिणाम होतो ते अजून स्पष्ट झालेले नाही. तरीही मार्ग सोपा आहे. डॉक्टरांनी पावडरचे दूध सांगितले असेल, तर ते उकळून किंचित निवलेल्या (किमान ७० अंश सेल्सियस) पाण्यात स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात कालवा, कोमट होऊ द्या आणि वाटी-चमच्याने पाजा. बाटलीपेक्षा वाटी-चमचा स्वच्छ ठेवणेही सोपे. पावडरमध्ये जंतू असू शकतात, म्हणून प्लास्टिकच्या भीतीने थंड पाण्यात दूध कालवू नका.

आजवर वापरले त्याचे काय, ही रुखरुख अनेक आयांना लागते. बीपीए शरीरात वर्षानुवर्षे साठून राहत नाही. त्याचा बराचसा भाग एका दिवसात लघवीवाटे निघून जातो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सॅन फ्रान्सिस्को परिसरातील अभ्यासात पाच कुटुंबांतील वीस जणांना तीन दिवस प्लास्टिक आणि डबाबंद पदार्थ टाळून ताजे जेवण दिले, तेव्हा लघवीतील बीपीए सरासरी ६६ टक्क्यांनी घटले. अभ्यास लहान होता, पण बदलाचा परिणाम लवकर दिसतो एवढे त्यातून कळते. यासाठी लघवीची तपासणी करून घेण्याची गरज नाही. त्या आकड्यावरून उपचार ठरत नाहीत.

काय कुठे ठेवावे?

घरातले स्टीलचे डबे आधी बाहेर काढा. उरलेली भाजी, आमटी, भात यांना स्टील उत्तम. लोणच्याला मात्र नको. मीठ आणि आंबटपणामुळे त्यावर हळूहळू खड्डे पडतात. लोणच्याला काचेची किंवा चिनी मातीची बरणीच हवी. कल्हई नसलेल्या पितळेत ताक किंवा चिंचेचा पदार्थ कळकतो, हे आजी सांगत असे ते बरोबरच होते.

काच खरी उपयोगी पडते ती मायक्रोवेव्हमध्ये अन्न गरम करताना. त्यासाठी बोरोसिलिकेट काच घ्या. साध्या काचेच्या तुलनेत ती उष्णतेने सुमारे एक तृतीयांशच प्रसरण पावते, म्हणून सहसा तडकत नाही. तरीही फ्रिजमधला डबा थेट गॅसवर किंवा तापलेल्या ओव्हनमध्ये ठेवू नका. जॅम-सॉसच्या रिकाम्या बरण्या थंड आणि कोरड्या पदार्थांसाठीच वापरा. काचेच्या डब्याचे झाकण बहुधा प्लास्टिकचेच असते. ते गरम करताना काढा आणि गरम पदार्थ त्याला टेकेल इतका डबा भरू नका.

काच आणली म्हणून अन्न जास्त टिकत नाही. भात-आमटी उथळ डब्यात पसरून निववा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. जुलाब-उलट्या घेऊन येणाऱ्यांमध्ये रात्रभर ओट्यावर राहिलेला भात खाल्लेले पुष्कळ असतात.

घरातले सगळे डबे बदलले आणि टपरीवरचा उकळता चहा पातळ पिशवीतून आणला, तर काय उपयोग? चहासाठी आणि पार्सलच्या रश्श्यासाठी कडीचा डबा न्या.

काच कुणासाठी नको?

भरलेला काचेचा डबा जड असतो आणि ओल्या हातातून निसटतो. कंपवात, सांधेदुखी असलेल्यांनी आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी स्टीलच वापरावे. मुलांच्या शाळेच्या डब्यालाही स्टीलच बरे.

मधुमेहाने पायांची संवेदना कमी झाली असेल, तर फुटलेल्या काचेचा धोका सर्वांत मोठा. आपल्याकडे घरात चपला घालत नाहीत, आणि रुतलेला तुकडा अशा पायाला कळतही नाही. काच फुटली की आधी सर्वांना बाजूला करा. झाडून झाल्यावर ओल्या कागदाने फरशी टिपा आणि टॉर्च जमिनीलगत आडवा धरून चमकणारे कण शोधा. मधुमेही व्यक्तीने घरातही चप्पल घालावी आणि रोज रात्री तळपाय आरशात पाहावेत. जखम दिसली तर दुखत नाही म्हणून थांबू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि धनुर्वाताचे इंजेक्शन शेवटचे कधी घेतले तेही सांगा.