घासून आलेली चकाकी

काळ्या किंवा गडद निळ्या गाडीच्या बॉनेटवर ऊन थेट पडलं की सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती बारीक गोल रेघांचं जाळं दिसतं. गाड्या चकाकवून देणारे डिटेलिंगवाले त्याला ‘स्वर्ल मार्क्स’ म्हणतात. या रेघा प्रत्यक्षात गोल नसतातच. धुता-पुसताना पडलेले ओरखडे वाटेल त्या दिशेने गेलेले असतात. त्यातले प्रकाशाला आडवे येतात तेवढेच चमकतात आणि डोळ्याला वर्तुळं भासतात. हे ओरखडे मशीनने काढून देणारी दुकानं आज पुण्या-मुंबईत जागोजागी दिसतात. या कामाचा मागोवा घेत गेलं, तर वाट मोटारीच्या बरीच आधी जाऊन पोचते.

परावर्तक दुर्बिणीचे आरसे स्वतःच्या हाताने घासणाऱ्या न्यूटनने १७०४ च्या ‘ऑप्टिक्स’मध्ये याचं मर्म नोंदवून ठेवलं आहे. वाळूने किंवा बारीक पुडीने काच घासली तरी ओरखडे संपत नाहीत. ते इतके बारीक होतात की दिसेनासे होतात. मोठा ओरखडा काढायचा म्हणजे त्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा पृष्ठभाग उतरवायचा आणि तसं करताना पडलेले नवे ओरखडे आणखी बारीक पुडीने उतरवायचे. उरलेले ओरखडे प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा, म्हणजे साधारण अर्ध्या मायक्रॉनपेक्षा, लहान झाले की आपण म्हणतो, ‘वा, काय चकाकतंय!’ पॉलिश म्हणजे काहीतरी वर लावणं, असा सर्वसाधारण समज आहे. मुळात ते काढणं आहे.

सुरुवातीच्या मोटारी घोड्यांच्या बग्ग्या रंगवणाऱ्यांनीच रंगवल्या. तेलाचा रंग आणि वॉर्निश यांचे एकावर एक थर द्यायचे, मधले थर प्युमिस दगडाच्या पुडीने पाणी लावून घासायचे, असं ते काम आठवडेच्या आठवडे चाले. पुरवठा करण्याच्या घाईत असलेल्या फोर्डने १९१४ ते १९२५ या काळात ‘मॉडेल टी’ फक्त काळ्या रंगात विकली.

वेळखाऊ रंगकामाची ही कोंडी फोडली ड्यूपाँट कंपनीच्या ‘ड्यूको’ या रंगाने. त्याचा आधार होता नायट्रोसेल्युलोज. बिनधुराची बंदुकीची दारू आणि सिनेमाची फिल्म ज्यापासून बनत असे तोच पदार्थ. जनरल मोटर्सने १९२४ च्या ओकलंड गाडीसाठी तो निळ्या रंगात वापरला आणि वाळण्याचा वेळ आठवड्यांवरून तासांवर आला. मात्र स्प्रेगनमधून उतरलेला हा लॅकर मंद दिसे. चमक हवी तर घासणं भाग होतं. अशा रीतीने रबिंग कंपाउंड, म्हणजे बारीक घर्षक पुडीचा लेप, कारखान्यात आला आणि तिथून गॅरेजमध्ये.

याच सुमारास घासण्याच्या कागदातही बदल झाला. फिलाडेल्फियात शाई बनवणाऱ्या फ्रान्सिस ओकीने ३एम कंपनीला पत्र लिहून तिच्याकडच्या घर्षक पुडींचे नमुने मागवले. शाईवाल्याला हे कशाला हवंय, या कुतूहलातून कंपनीने चौकशी केली, तेव्हा त्याने पाण्यात टिकणारा पॉलिश पेपर तयार केल्याचं कळलं. कंपनीने त्याचे हक्क घेतले आणि १९२१ मध्ये तो बाजारात आणला. आपल्याकडचे पेंटर ज्याने ‘पाणी मारून घासतात’ तो वॉटरपेपर याच कुळातला. शिशाचे रंग कोरडे घासताना उडणारी विषारी धूळही त्यामुळे खाली बसली. हाच कागद घेऊन अमेरिकेतल्या सेंट पॉल शहरातल्या गाड्या रंगवणाऱ्या दुकानात गेलेल्या रिचर्ड ड्रू या ३एमच्या कर्मचाऱ्याने तिथल्या पेंटरांची दुरंगी गाड्यांवर दोन रंगांची सीमा राखताना होणारी चिडचिड ऐकली. १९२५ चा मास्किंग टेप त्यातून निघाला.

पुढे हाताची जागा विजेच्या मशीनने घेतली. एकाच अक्षावर गरगर फिरणारं रोटरी आणि त्यावर मेंढीच्या लोकरीचा पॅड, ही जोडी अनेक वर्षं चालली. काम झपाट्याने होई, पण एका जागी क्षणभर जास्त रेंगाळलं की रंग तापे आणि कडांवर तर थेट उडे. जुन्या एकथरी रंगात हे खपून जात असे. ॲम्बेसेडर किंवा प्रीमियर पद्मिनीला रबिंग केलं की फडक्याला गाडीचाच रंग लागे. उन्हाने खडूसारखा झालेला वरचा पापुद्रा निघून खालचा ताजा रंग दिसू लागे. थर जाड होता आणि पुन्हा रंगवणारा पेंटर कोपऱ्यावरच होता.

खरी उलथापालथ ‘क्लिअरकोट’ने केली. १९८० च्या दशकापासून खाली रंगाचा पातळ थर आणि वर पारदर्शक, कडक थर ही पद्धत जगभर रूढ झाली. आता फडक्याला रंग लागेना. जुन्या जाड्याभरड्या कंपाउंडचे ओरखडे मात्र या काचेसारख्या थरावर लख्ख दिसू लागले. रोटरीने मागे सोडलेल्या, उन्हात सरकत जाणाऱ्या सावल्यांना ‘होलोग्राम’ हे नाव पडलं. त्यावर उतारा म्हणून फोमचे पॅड आणि बारीक ॲल्युमिनाची कंपाउंड आली. सोबत आलं ड्युअल ॲक्शन मशीन. त्याचा पॅड स्वतःभोवती फिरतो आणि त्याच वेळी केंद्रापासून थोडा बाजूला झुलतो. म्हणून ओरखड्यांना एकच दिशा मिळत नाही आणि उष्णताही एका जागी साठत नाही. इटलीच्या रूपेस कंपनीने झुलण्याची झेप १५ आणि २१ मिलिमीटरइतकी मोठी असलेली अशी मशीन आणल्यावर, एरवी रोटरीशिवाय न होणारी कामंही त्यांच्यावर होऊ लागली.

या इतिहासात एक गोष्ट सतत घडत आली: घासायची साधनं सुधारत गेली आणि घासायला मिळणारा थर आटत गेला. कारखान्यातून येणाऱ्या गाडीवर सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतात. त्यातला क्लिअरकोट ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही पातळ. उन्हातल्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाला वाचवणारी द्रव्यं त्यातच असतात. दरवर्षी हौसेने रबिंग करून घेणारा मालक हेच कवच झिजवत असतो. निसानने २००५ मध्ये बारीक ओरखडे आपोआप भरून काढणारा लवचीक क्लिअरकोट आणला, तो याच अडचणीवरचा एक उपाय. पण आपल्या सोसायटीत उभ्या असलेल्या बहुतेक गाड्यांना असं वरदान नाही.

म्हणून दुकानात गाडी देण्याआधी जाडी मोजणारं यंत्र बॉनेटवर लावायला सांगा. प्लास्टिकच्या बंपरवर साधं यंत्र चालत नाही, हेही लक्षात ठेवा. काम झाल्यावर एका भागावर आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवायला लावा. कंपाउंडमधल्या तेलांनी ओरखडे नुसते झाकले असतील तर ते लगेच उघडे पडतील. आणि रोज पहाटे एकाच बादलीत, एकाच फडक्याने अख्खी रांग पुसणाऱ्या माणसाला दुसरी बादली आणि दोन मायक्रोफायबरची फडकी घेऊन द्या. कोरड्या धुळीवर फडकं फिरवू नका, आधी पाणी मारा, एवढंही त्याला सांगा. बहुतेक ओरखडे तिथेच पडतात. ते थांबले तर मशीनची वेळ वर्षानुवर्षं येणार नाही.